खुब्याचा मान

वसंतातल्या नवरोजच्या सणापासून बातमाला सरळ बसलेली कुणी पाहिली नव्हती.

बसायची ती अशी, की उजवी बाजू अधांतरी आणि सगळा भार डाव्या कुल्ल्यावर. तोंडावर मात्र भाव असा, जणू खानाच्या राण्या अशाच बसत आल्या आहेत. या खोऱ्यात माणूस खुर्चीत नाही, गोधडीवर बसतो, आणि दारापासून सगळ्यात लांबची, भिंतीशी उशा रचलेली जागा घरातल्या मोठ्याची. एकेचाळीस वर्षं सासुरवास काढून बातमानं ती जागा मिळवली होती. आता तिथंच बसता येईना. सिंहासन मिळालं आणि बूड हरवलं, अशी गत.

कुणी विचारलंच तर उत्तरं तयार होती. शेजारणींना सांगितलं, घोडीनं पाडलं. धाकट्या मुलाला, कुबातला सांगितलं, गोधडीत लोकरीचे गोळे झालेत, तुझ्या बापानं पिंजलीय ना. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही, कारण आसानकुल म्हाताऱ्याला एक गोष्ट सांगितली की संध्याकाळच्या चहाबरोबर ती साऱ्या गावात वाढली जाते.

खरी गोष्ट अशी, की उजव्या खुब्यात, मांसात खोल, एक गाठ होती. तीन वर्षांपूर्वी जर्दाळूएवढी, मग सफरचंदाएवढी, आणि यंदा बर्फ वितळलं तेव्हा चांगली मुठीएवढी. दुखायची नाही, ठणकायची नाही. नुसती बसायची. बातमा बसायला जायची तर ती आधीच तिथं बसलेली.

आता अशा वेळी माणूस काय करतं? दवाखान्यात जातं. गावाच्या टोकाला सरकारी दवाखाना होता, दोन खोल्यांचा, आणि त्यात बसायची ती परिचारिका कोण, तर बातमाचीच सून. गुलसायरा. धाकट्याची बायको, म्हणजे सासू-सासऱ्यांजवळ राहणारी. दहा वर्षांत गावातला एकही पार्श्वभाग उरला नव्हता जो गुलसायरानं सुई टोचायला पाहिला नव्हता. मास्तरांचा पाहिला, मशिदीतल्या मोल्दोंचा पाहिला, घोड्यांच्या शर्यतीत तीनदा पहिला आलेल्या गड्याचा तर दोन माणसांनी धरून पाहिला. राहिला होता फक्त सासूचा.

आणि तो राहणारच, असं बातमानं ठरवलं होतं. जी सून लग्नाच्या दिवसापासून आपल्यापुढं तीनदा वाकून सलाम करते, रीतीप्रमाणं सासू-सासऱ्याचं नाव चुकूनही जिभेवर येऊ देत नाही, तिच्यापुढं आता आपण वाकायचं? तेही पाठमोरं?

पण दिवस थांबत नव्हते. बारा दिवसांनी कळप घेऊन वरच्या कुरणावर जायचं होतं. खिंड ओलांडून पूर्ण दिवसाची वाट, आणि दर उन्हाळ्यात त्या वाटेवर सगळ्यात पुढं बातमाची घोडी. मागे मेंढ्या, मागे सामान, मागे नवरा.

"म्हातारे, यंदा तू ट्रकमधून ये," आसानकुल म्हणाला. "कुबात ट्रक आणतोय."

"ट्रकमधून सामान जातं. तू जा. तू सामानातच मोडतोस."

"मग घोडीवर बसून दाखव."

बातमा तडक अंगणात गेली आणि रिकिबीत पाय घालून चढली. बसली. पण बसली ती डावीकडं कलून, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी. घोडीनं मान वळवून मागं पाहिलं.

"बघ," आसानकुल म्हणाला, "तिलाही प्रश्न पडलाय. आज अर्धीच बाई कशी आली म्हणून."

"अर्धी असले तरी तुला पुरून उरेन," बातमा म्हणाली. पण उतरताना तिनं ओठ चावला. यंदा घोडीवर गेली नाही, तर पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नाही. म्हातारी माणसं ट्रकमध्ये एकदा बसतात, मग तिथंच राहतात. हे तिनं आपल्या सासूचं पाहिलं होतं.

म्हणून ती तोक्तोबुबूकडं गेली.

तोक्तोबुबू ही गावाची वैदीण. सांधा निखळला बसवी, नजर लागली उतरवी, मेंढीला गळू झालं फोडी. माणसाला आणि मेंढीला तिच्याकडं एकच हत्यार होतं, नवऱ्याची खोगीर शिवायची आरी. दार लावून, पडदा ओढून तिनं बातमाची गाठ चाचपली.

"पू नाही. आत पाणी आहे. बर्फावर बसली होतीस का कुठं?"

"मी बर्फावर बसत नाही. बर्फ मला बघून वितळतं."

"मग वितळलेलं आत शिरलंय. बुधवारी ये, बुधवार चांगला. आरी लाल करते, एक टोचा, पाणी बाहेर. शुक्रवारी घोडीवर."

बातमाला इतकं हलकं वाटलं, की ती क्षणभर दोन्ही बाजूंनी बसली आणि लगेच उठली.

"कुणाला सांगू नकोस."

"माझं पोट म्हणजे विहीर आहे, बातमा."

विहीर खरीच. साऱ्या गावानं संध्याकाळपर्यंत त्या विहिरीवर पाणी भरलं.

मंगळवारी बातमाच्या घरी मेंढी कापली. वर जाण्याआधी चार घरांना जेवायला बोलवायचं, दुवा मागायची, ही रीत. कापणं पुरुषांचं, आतलं सगळं बायकांचं. आणि आतल्यात मोठी कसोटी फोपशाची, म्हणजे फुफ्फुसाची. दूध भरलेलं फोपसं करावं तर बातमानं, हे सगळं खोरं मान्य करी, मनातून नाही तरी तोंडानं. आधी त्यात पाणी भरभरून ते पांढऱ्या बुरणुसासारखं शुभ्र होईपर्यंत धुवायचं. मग दुधात मीठ आणि लोणी घालून ते श्वासनळीतून वाटी-वाटीनं ओतायचं, ते चांगलं टम्म फुगलं की नळी बांधायची आणि हळू आचेवर उकडायचं. फोपशाला सुईएवढं भोक असलं तरी सगळं दूध पातेल्यात, आणि अब्रू चुलीत.

त्या दिवशी बातमानं नळीला तोंड लावून फुंकण्याआधी फोपसं उजेडाकडं धरलं. एका कडेला मोत्यासारखे पांढरे दोन फोड, अक्रोडाएवढे.

"पुन्हा!" ती म्हणाली. या हिवाळ्यापासून हे तिसरं. "मेंढ्यांना काय झालंय कोण जाणे. फोपशात पाणी, काळजात पाणी. विहिरी खणून ठेवल्यात नुसत्या."

असं फोपसं दुधाला चालत नाही. मग कशाला चालतं? कुत्र्याला. तिच्या सासूनं कुत्र्याला टाकलं, सासूच्या सासूनं टाकलं. दारात मोयनोक बसलाच होता, गळ्याभोवती पांढरा पट्टा, शेपटीनं जमीन झाडत. बातमाच्या हातचा वाढलेला. पिल्लू असताना एक अख्खा हिवाळा तिच्या मेंढीच्या कोटात झोपलेला. अजूनही खाऊन झालं की तिचे हात मनगटापर्यंत चाटून काढायचा. बातमानं फोपसं उचललं.

"आपा, थांबा."

बातमानं आधी मागं वळून पाहिलं, की हे नक्की कोण बोललं. सून तिला आपा, म्हणजे आई म्हणायची, पण दहा वर्षांत 'थांबा' कधी म्हटलं नव्हतं. कुत्र्याला हे घालू नका, असं गुलसायरा दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवून साऱ्या गावाला सांगायची, पण घरी मान खाली. आज मान वर होती. हातात परात, परातीत त्याच मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, काळजावर मुठीएवढी पाण्यानं तट्ट फुगलेली पिशवी, आणि शेजारी एक आरी.

"ही आरी ओळखीची वाटते," बातमा म्हणाली.

"तोक्तोबुबू आजींची आहे. मागून आणली."

बातमाचे कान तापले. विहिरीच्या नानाची टांग, असं तिच्या मनात आलं.

"कशाला आणलीस?"

"शिकायला," गुलसायरा अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली. "तुमच्यासारखा हात खोऱ्यात कुणाचा नाही, आपा. ही पिशवी आरीनं फोडायची, पण आतला एक थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही. मला काही जमत नाही."

"तुला चहा ओतता येत नाही, हे काय जमणार! आण इकडं."

"आधी हे हातमोजे घाला."

"मेजवानी आहे की मयत?" म्हणत बातमानं रबरी मोजे चढवले. सारी बायकामंडळी भोवती जमली. आसानकुलही सरपण आणायचं निमित्त करून दारात उभा राहिला. बातमानं पिशवी डाव्या हाताच्या बोटांत नीट धरली, आरी तिरकी लावली, श्वास रोखला आणि टोचली.

पिचकारी उडाली ती थेट शेजारच्या पातेल्यात. आठ शेर दूध, मीठ-लोणी घालून तयार.

"म्हातारे," आसानकुल दारातून म्हणाला, "दूध पातळ केलंस."

कुणी हसलं नाही. म्हणजे सगळ्या हसल्या, पण पदराआड. बातमानं पिशवीकडं पाहिलं. एवढी तट्ट होती, ती आता पावसात राहिलेल्या टोपीसारखी पडली होती, आणि परातीत सांडलेल्या पाण्यात बारीक पांढरे कण होते, रव्यासारखे.

"हे काय आहे?"

"बियाणं," गुलसायरा म्हणाली. "एकेका कणाची एकेक नवी पिशवी होते. मेंढीच्या पोटात फुटली, तर सगळीकडं पेरली जाते. माणसाच्या अंगात कुणी टोचून फोडली, तर तशीच पेरणी होते. कधी कधी तेवढाही वेळ मिळत नाही. ते पाणी अंगात सांडलं की श्वास अडकतो आणि माणूस जागच्या जागी जातं. आमच्या शिक्षणाच्या वेळी एक मेंढपाळ असा आणला होता. आणला तेव्हा गार झाला होता. त्यालाही कुणीतरी आरीनंच टोचलं होतं."

बायकांचे पदर खाली आले. बातमाच्या हातातली आरी हळूच परातीत गेली.

"माणसाच्या अंगात कुठं होतं हे?" तिनं विचारलं. आवाज असा, जणू बाजारातल्या बटाट्यांची चौकशी.

"बहुतेकांच्या काळजात. नाहीतर फोपशात. पण त्याचा नेम नाही, आपा. कुणाच्या डोळ्यामागं होतं, कुणाच्या मणक्यात, कुणाच्या हृदयात." गुलसायरानं परातीची कड पुसली. "एखाद्याच्या खुब्यात सुद्धा."

"खुब्यात कसं जाईल? माणूस काय ढुंगणानं जेवतं?"

"तोंडानंच जातं. पण मांसातून नाही. मेंढीचं हे कुत्रं खातं, कुत्र्याच्या पोटात त्याचे किडे होतात, बारीक, तिळाहून बारीक. त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांवर, तोंडावर. तिथून आपल्या हातावर. हातावरून भाकरीवर. मग रक्तातून काळजाकडं. काळीज म्हणजे नाका आहे, शंभरातल्या बहुतेकांना तिथंच धरतं. तिथून सुटलेल्यांना फोपसं धरतं. एखादाच दोन्ही नाके चुकवून पुढं जातो."

बातमानं बोटांवर दोन्ही नाके मोजले. मग तिनं विचारलं, "म्हणजे दोन्ही दारांत अडवलं, तरी आत गेलाच?"

"गेलाच."

"हट्टी दिसतो."

"फार हट्टी, आपा. ज्या घरात जातो, तसाच असणार."

हे गुलसायरा बोलली आणि स्वतःच दचकली. पण बातमाचं तिकडं लक्ष नव्हतं. ती मोयनोककडं बघत होती. मोयनोक फोपशाकडं बघत होता. शेपटी चालूच. एकेचाळीस वर्षांत किती कुत्री, किती फोपशी, आणि वाढणारा हात एकच. तिनं मोजे काढले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग बायकांवर आवाज टाकला.

"काय जत्रा भरलीय का? ते दूध खड्ड्यात ओता. फोपसं आणि हे काळीज पण खड्ड्यात. खड्डा कमरेएवढा खोल. म्हातारबा, तू खण, सरपण नंतर. आणि कुत्र्याला कुणी काही टाकलं, तर त्या बाईला मी टाकीन."

मग सुनेकडं न बघता म्हणाली, "तू आत चल. दार लाव. पडदा ओढ. आणि तुझे मोजे घाल."

आत काय झालं ते दोघींनाच ठाऊक. गोधडीवर पालथी पडून बातमा एवढंच म्हणाल्याचं गुलसायरानं पुढं नवऱ्याला सांगितलं: "गावात मी शेवटची ना?"

"हो, आपा."

"मास्तरांपेक्षा बरा आहे ना?"

"पुष्कळ."

"मग बघ."

काराकोल शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खिडकीतल्या कारकुनापाशी पहिल्याच झटक्याला गाडं अडलं. रुग्णाचं नाव काय? गुलसायरा गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. ती लाल होऊन म्हणाली, "आमच्या घरातल्या मोठ्या."

"ते नाव आहे का?"

"सांग ग," बातमा मागून म्हणाली. "ढुंगण बघितलंस, आता नाव घ्यायला काय लाजतेस? मी परवानगी देते."

"बातमा," गुलसायरा एवढ्या हळू म्हणाली, की कारकुनाला कान खिडकीबाहेर काढावा लागला. बातमाला स्वतःलाही ते नवं वाटलं. सुनेच्या आवाजात आपलं नाव असं वाटतं, म्हणून तिनं मनातल्या मनात एकदा ऐकून घेतलं.

यंत्रावर छातीपासून खुब्यापर्यंत सगळं तपासलं. काळीज स्वच्छ, फोपसं स्वच्छ. पिशवी एकच, खुब्याच्या मांसात. डॉक्टर तरुण होता. या आजाराला हायडॅटिड म्हणतात, तो म्हणाला, रोगी तर रोजच येतात, पण या जागी त्यानं आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहिला. शिकाऊ पोरापोरींना आणून दाखवलं तर चालेल का?

"पहिला कोण होता?" बातमानं विचारलं.

"एक ड्रायव्हर होता."

"मग माझी मोठी असली पाहिजे. आण पोरांना."

आठ दिवस गोळ्या, मग ऑपरेशन. गुलसायरा दाराबाहेर उभी. आत जाण्याआधी बातमानं तिचा हात धरला, तो एवढ्या जोरात, की बोटांच्या खुणा दोन दिवस राहिल्या. "नाही उठले," ती म्हणाली, "तर माझी पितळी परात तोक्तोबुबूला द्यायची नाही."

"उठाल तुम्ही."

"उठले तरी द्यायची नाही."

पिशवी न फुटता अख्खी निघाली. बातमा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरनं सांगितलं, की मोठ्या पिशवीत लहान लहान पिशव्या होत्या, तीसेक तरी. आम्ही त्यांना मुलीच म्हणतो.

बातमाचे डोळे अजून जड होते. "पाच पोरगे झाले मला," ती पुटपुटली. "मुलगी मागून मागून थकले. देवानं दिल्या, पण ठेवल्या कुठं बघा."

इकडं कळप वर गेला होता. वाट बघत नाही तो. बातमानं निरोप धाडला होता, की मी नसले तरी माझीच घोडी पुढं चालवा. रात्री आसानकुलचा फोन आला.

"चालवली," तो म्हणाला. "पण रिकामं खोगीर मेलेल्या माणसाचं असतं, ते कसं न्यायचं? म्हणून वर मोठी कढई बांधली."

"घोडी काय म्हणाली?"

"तिला फरक कळला नाही. वजन तेवढंच. फक्त वाटेत बोलणं कमी झालं." मग तिकडून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "लवकर ये, म्हातारे. फार गप्प गप्प झालंय इथं."

डॉक्टरनं दोन महिने घोडीला हात लावू दिला नाही. ऑगस्टमध्ये कुबात तिला ट्रकमध्ये घालून निघाला. ती पुढं ड्रायव्हरजवळ बसली, सामानात नाही, आणि कुरणाच्या अलीकडं ओढा लागला तसा तिनं दांडा धरून ट्रक थांबवला.

"घोडी आणा इथं."

"आपा, तंबू तो काय समोर," कुबात म्हणाला. "पंधरा मिनिटांची वाट."

"म्हणूनच. सगळ्यांना दिसेल एवढीच हवी."

गुलसायराच घोडी घेऊन आली. खोगिरावर मेंढीच्या कातड्याची जाड मऊ गादी शिवलेली होती, टाके बारीक, एकसारखे. बातमानं बोट फिरवलं.

"कुणी शिवली?"

"मीच," गुलसायरा म्हणाली. "आरी घरातच होती. आजींना अजून परत दिली नाही."

"देऊही नकोस."

गुलसायरानं रिकीब धरली. बातमा चढली, बसली. घोडीनं मान वळवून मागं पाहिलं, आणि बघण्यासारखं काही दिसलं नाही म्हणून चालू लागली. तंबूंतून माणसं बाहेर आली. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, खांबासारखी सरळ बातमा ओढ्यातून वर आली. मोयनोक भुंकत धावला. तिनं वरूनच त्याला दटावलं, "हात चाटायचे नाहीत! जंतांची गोळी घेतलीस का या महिन्याची?" घेतली होती. चरबीत लपवून देत होते, तरी तो रुसलेलाच होता.

त्या दुपारी मेंढी कापली. फोपसं उजेडाकडं धरून बघितलं, स्वच्छ निघालं, आणि बातमानं दूध ओतलं तर थेंब गळला नाही. आतडी-बितडी खड्ड्यात गेली, झाकण लावून. सभोवारच्या पाच तंबूंनीही खड्डे खणले होते. भिंतीवरच्या चित्रानं दहा वर्षांत एक खणवला नव्हता. बातमा येतेय एवढा निरोप पुरला.

मग मांस मांडलं, हाडाप्रमाणं मान. डोकं पाहुण्यातल्या मोठ्याला, मांडी त्याच्या खालोखाल, आणि खुब्याचं हाड, मांसानं भरलेलं, घरातल्या मोठ्या बाईला. ते बातमासमोर आलं. उशांपुढं, दोन्ही बाजूंनी नीट मांडी घालून ती बसली होती. तिनं हाड उचललं, उलटसुलट पाहिलं, सुरी घेतली, एक पातळ काप स्वतःच्या तोंडात टाकला. बाकीचं अख्खं हाड ताटातून सरकवत सरकवत दाराजवळ नेलं, जिथं सून चहा ओतत बसली होती.

"आपा, हे काय! हे मोठ्यांचं," गुलसायरा घाबरून म्हणाली.

"घे मुकाट्यानं," बातमा साऱ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "या हाडाबद्दल तुझ्याएवढी माहिती इथं कुणाला आहे?"

आसानकुलला चहाचा ठसका लागला. पाहुण्यांत बसलेले मास्तर खाली बघू लागले.